समजल्याचा चेहरा

माझे धाकटे दीर बावीस वर्षं नववीत होते. हसू नका. नापास होत होते म्हणून नाही हो, त्यांची नोकरीच ती होती. टीव्हीवरच्या सिरीयलमध्ये शाळेचा वर्ग दाखवतात ना? पुढे हिरो आणि हिरॉइन एकमेकांकडे बघत असतात आणि मागे पंधरा-वीस मुलं वह्या उघडून बसलेली असतात. त्यातला खिडकीच्या बाजूचा, तिसऱ्या बाकावरचा, तो आमचा माणूस. वय वर्षं एक्केचाळीस. रोज सकाळी दाढी दोनदा करायचे, केसांना काळा रंग लावायचे आणि अर्धी चड्डी घालून कामावर जायचे.

मी त्यांना भावजी म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते नुकतेच दहावीच्या गणितात आपटले होते, दुसऱ्यांदा. मी स्वतः गणिताची बाई. त्या काळात माझ्या अंगात फार उत्साह होता. म्हटलं, बसा, मी शिकवते. पण तेवढ्यात कुणीतरी त्यांना सिरीयलच्या गर्दीत उभं राहायला नेलं आणि ते तिथेच बसले. अक्षरशः बसले. त्यानंतर सिरीयली बदलल्या, हिरो बदलले, शाळेचं नाव बदललं. भावजींचा बाक बदलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, गर्दीतल्या माणसाला कोण इतकी वर्षं ठेवतं? तर त्याला कारण त्यांचा चेहरा. दिसायला चारचौघांसारखेच आहेत, पण त्यांना एक चेहरा करता येतो. फळ्याकडे बघताना आधी डोळे किंचित बारीक होतात. मग भुवया सावकाश वर जातात. ओठ उघडतात, आवाज नाही, नुसता श्वास. आणि शेवटी मान हलते, अडीच वेळा. तिसऱ्यांदा हलताना मान अर्ध्यावर थांबते, कारण तेवढ्यात माणसाला पुढचंही समजलेलं असतं. त्या धंद्यात याला ‘समजल्याचा चेहरा’ म्हणतात. पहिल्याच वर्षी दिग्दर्शकाने तो पाहिला आणि ओरडला, “याला खिडकीपाशी घ्या रे! याला समजलंय!” तेव्हापासून कुठल्याही सिरीयलमध्ये हिरो मास्तर शिकवायला उभा राहिला की भावजींना फोन यायचा.

त्याआधी एक प्रकार झाला होता, तोही सांगते. अगदी पहिल्या महिन्यात फळ्यावर कुणीतरी बेरीज चुकीची लिहिली होती. भावजींनी बिचाऱ्यांनी प्रामाणिकपणे हात वर केला आणि म्हणाले, “सर, हे चुकलंय का?” सगळं शूटिंग थांबलं. मागच्या मुलांनी बोलायचं नसतं, विचारायचं तर त्याहून नसतं. चार दिवस घरी बसवलं त्यांना. पुन्हा म्हणून हात वर केला नाही.

एकदा मला शूटिंग बघायला घेऊन गेले होते. शाळा म्हणजे तीन भिंती. चौथ्या भिंतीच्या जागी पंखा आणि पन्नास माणसं चहा पीत उभी. दप्तरात थर्माकोल. वह्या कोऱ्या. आणि तिथला तास चाळीस सेकंदांचा. हो, मी घड्याळ लावून पाहिलं. भांडण संपलं की घंटा होते. हजेरी नाही, पेपर तपासणी नाही, गळकी टाकी नाही, ‘बाई, हा मला ढकलतोय’ नाही. एक जुनी बाई असते. तिला चष्मा, अंबाडा, पट्टी आणि तुसडा स्वभाव एवढं सामान देतात. ती काहीही शिकवत नाही, फक्त वर्गाबाहेर काढते. मग बाह्या वर केलेला नवा मास्तर येतो. तो टेबलावर बसतो आणि पुस्तक खिडकीतून बाहेर फेकतो. अहो, ते पुस्तक वाचनालयाचं असतं! आमच्याकडे पान फाटलं तरी लेखी द्यावं लागतं. मग मुलं रडतात, बाकावर उभी राहतात, टाळ्या वाजवतात. बाकावर उभं राहिलं की बाक मोडतो. आमचा सुतार वर्षातून एकदा येतो. आणि निकाल लागतो तेव्हा कुणी पहिला येतो नाहीतर कुणी शून्यावर असतो. बासष्ट टक्के कुणालाच पडत नाहीत. माझा सगळा जन्म बासष्टवाल्यांबरोबर गेला, पण एकही बासष्टवाला मी कधी टीव्हीवर पाहिला नाही.

म्हटलं, करमणूक आहे, चालायचंच. पण ती करमणूक आमच्या शाळेच्या फाटकातून आत यायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. पालकसभेत एक आई म्हणाली, “बाई, तुम्ही शिकवता ठीक, पण मुलं भारावून जात नाहीत.” मी म्हटलं, अहो, लसावि आहे तो, भारावायचं काय त्यात? मुख्याध्यापकांनी तर फतवाच काढला. महिन्यातून एक तास टेबलावर बसून घ्यायचा. माझं वय त्रेपन्न, गुडघे दोन्ही दुखरे. तरी बसले. टेबल एका बाजूला कललं आणि मी खडूच्या डब्यासकट खाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सबंध नोकरीत मला मिळालेल्या तेवढ्याच टाळ्या.

असो. माझं रडगाणं नंतर. गोष्ट भावजींची आहे.

गेल्या वर्षी कंपनीने सांगितलं की पुढच्या हंगामापासून मागचे बाक संगणकावर भरणार. दोन मुलांचे फोटो काढायचे आणि त्यांची चाळीस करायची. जिवंत माणसं नकोत, ती घामाघूम होतात आणि चहा मागतात. भावजींचा तो चेहरा मात्र त्यांनी चहूबाजूंनी टिपून ठेवला. एका कागदावर सही घेतली, एक पुष्पगुच्छ दिला आणि हिवाळ्यापर्यंतच काम आहे म्हणाले.

भावजी पुष्पगुच्छ घेऊन सरळ आमच्याकडे आले. त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला परिचर निवृत्त होणार हे मला कळलं होतं. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, सूक्ष्मदर्शक पुसून ठेवायचे. कायमची नोकरी. अटी दोनच. दहावी पास हवा आणि बेचाळीस पूर्ण झालेले नकोत. भावजींना बेचाळीस पूर्ण व्हायला सव्वा वर्ष होतं. म्हणजे मार्चची परीक्षा, आणि तिथे घसरले तर जुलैची. त्यानंतर दार बंद.

माझी धाकटी जाऊ घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती त्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, “ताई, यांना या वेळी पास कराच. इतकी वर्षं मी पोरांचे गणवेश शिवतेय आणि घरात नवऱ्याचाही शिवतेय. आता पुरे झालं.”

मी म्हटलं, “तू काळजीच करू नकोस. माझ्या हाताखालून दगड पास झालेत.”

रोज संध्याकाळी सहा ते सात, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बाकीचे विषय ते स्वतःच करत होते, गणित माझ्याकडे. आणि काय सांगू तुम्हाला! तीस वर्षांत मला असा विद्यार्थी मिळाला नव्हता. मी समीकरण मांडायला घेतलं की डोळे बारीक. दुसऱ्या पायरीला भुवया वर. उत्तराला मान, अडीच वेळा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. वर्गात ज्या गोष्टीला चार तास लागायचे ती यांना वीस मिनिटांत. मी रंगात यायला लागले. उदाहरणं वाढवली, वेग वाढवला, मध्येच विनोदही करायला लागले. एकदा तर टेबलाच्या कडेवर टेकून शिकवलं, खरं सांगते, आणि ते कललंसुद्धा नाही.

हो, तो चेहरा कुठला आहे हे मला ठाऊक होतं. त्याची जन्मकथा मला पाठ होती. पण ते सिरीयलमध्ये, पगारासाठी, त्या बाह्यावाल्यासमोर. माझ्यासमोर तो खराच असणार, नाही का? मी खरं शिकवत होते ना!

सराव घ्यायची मी. पुस्तकातली उदाहरणं घालायची, सगळी बरोबर यायची. आमचे हे पेपर वाचता वाचता एकदा म्हणाले, “अगं, आकडे बदलून एखादं घालून बघ की.” मी फाडकन म्हटलं, “तुम्हाला शिकवण्यातलं काय कळतं?” त्यांनी पेपर परत तोंडासमोर धरला. आयुष्यात एकदाच त्यांनी माझ्या विषयात तोंड घातलं आणि तेवढ्या एकाच वेळी ते बरोबर होते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मेअखेर निकाल लागला. भाषा पास, विज्ञान पास, इतिहासात तर चौसष्ट. गणितात एकोणीस.

मी तशीच पायात चपला सरकवून त्यांच्या घरी गेले. जाऊ मशीनवर होती, भावजी खुर्चीत. मी दारातूनच सुरू केलं, “एकोणीस? शंभरात एकोणीस? दोन नळांचं गणित आपण पाच वेळा केलं होतं! काय लिहिलंत तिथे?”

“चार तास,” ते म्हणाले.

“प्रश्नपत्रिकेत काय होतं?”

“एक नळ दहा तास, एक पंधरा तास.”

“मग चार कुठून आले? सहा येतात!”

“आपल्या वहीत सहा आणि बारा होतं ना वहिनी. त्याला चार यायचे. मी सगळी वही पाठ केली होती. पायऱ्यांसकट.”

म्हणजे आठ-नऊ महिने मी त्या टेबलावर जे काही रंगून शिकवलं त्यातलं यांच्या डोक्यात काही म्हणजे काहीच गेलं नव्हतं. संवाद पाठ करावेत तशी त्यांनी गणितं पाठ केली होती.

“अहो, मग एकदा तरी बोलायचं होतं! ‘वहिनी, नाही समजलं’ एवढे तीन शब्द. जीभ झडली असती?”

भावजी उठून उभे राहिले होते, मान खाली घालून. ओरडा खाणाऱ्या मुलाचा चेहरा. तोही त्यांच्याकडे तयारच. पण मग त्यांनी मान वर केली आणि तो चेहरा गळून गेला. म्हणाले, “तुम्ही इतकं छान शिकवत होतात वहिनी. इतक्या खुशीत असायचात. मध्ये बोललो असतो तर सगळं बिघडलं असतं. मागच्या मुलाने कुणाचं बिघडवायचं नसतं.”

मशीन थांबलं. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि सरळ रडले. आधी त्यांच्यावरच्या रागाने रडले. मग कळलं की राग त्यांच्यावर नाहीच. ज्या चेहऱ्याला मी सिरीयलमध्ये नावं ठेवत होते, त्याच चेहऱ्याने मला महिनोन्महिने झुलवलं आणि मी खुशाल झुलले. लाज वाटली हो.

जुलैला सात आठवडे होते. मी ठरवलं, आता टेबल बंद. नववीपासून सुरुवात करायची आणि ती माझ्या वर्गात बसून. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते आनंदाने उड्या मारायचे बाकी राहिले. टीव्हीवरचा माणूस आपल्या शाळेत! बसू दे, कितीही बसू दे. शाळा उघडली त्या दिवशी भावजी पँट-शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. मुलांनी आधी सह्या घेतल्या आणि मग पुस्तकं काढली.

पहिला तास झाला. मी अवयव पाडायला शिकवलं. वर्ग कसा छान बसला होता, एक्केचाळीस मुलं, शांत. घंटा झाल्यावर भावजी माझ्या मागे मागे व्हरांड्यात आले. घुटमळायला लागले.

“वहिनी, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांगा.”

“तुमची मुलं फार तयारीची आहेत. आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना काम मिळेल.”

“म्हणजे?”

“तो चेहरा करताहेत सगळी. अडतीस जण. मी मोजले.”

मी जागच्या जागी थांबले. “एक्केचाळीसपैकी अडतीस? आणि उरलेले तिघं?”

“एक झोपला होता. दोघी डबा खात होत्या. ते तिघं खरे.” मग धंद्यातला माणूस जागा झाला आणि थांबेचना. “ती दुसऱ्या बाकावरची वेणीवाली आहे ना, तिची मान फार लवकर हलते. खडू फळ्याला लागायच्या आधीच तिला समजतं. खिडकीपाशी तो उंच मुलगा आहे, तो बरा आहे, पण त्याच्या भुवयांना दम नाही. आणि शेवटच्या रांगेतला चष्मेवाला, वहिनी, तो मुलगा माझ्यापेक्षा सरस आहे. त्याने तर वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा.”

“काय लिहिलं?”

“स्वतःचं नाव.”

मी तडक मागे फिरले. मधली सुट्टी झाली होती, तरी पोरांना परत बसवलं, कुरकुर ऐकून घेतली नाही. फळ्यावरचंच उदाहरण, फक्त आकडे बदलले. करा म्हटलं. तिघांचं बरोबर आलं. त्यातल्या दोघांनी तिसऱ्याचं पाहिलं होतं.

तीस वर्षं, दर वर्षी चार वर्ग. हिशोब मांडायला घेतला आणि सोडून दिला. त्या दिवशी घरी जेवले नाही. आमचे हे काही विचारणार होते, पण शहाणे आहेत.

दुसऱ्या दिवशी वर्गात नियम केला. माझ्या तासाला कुणीही मान हलवायची नाही. हलली की उभं राहून समजलेलं सांगायचं. आणि एकेकाने मोठ्याने म्हणायचं, ‘बाई, नाही समजलं.’ पहिल्या दिवशी कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. त्या वेणीवालीला तर हुंदकाच आला. म्हणाली, “बाई, असं म्हटलं की मुलं मठ्ठ म्हणतात.” भावजींची तर त्याहून गंमत. न समजल्याचा चेहरा त्यांनी आयुष्यात केलेला नव्हता. कपाळाला आठ्या घालून, तोंड वाकडं करून पाहिलं. झोपलेला मुलगा जागा होऊन म्हणाला, “काका, दाढ दुखतेय का?” सगळा वर्ग हसला. हसता हसता दोन-तीन जण बोलून गेले, नाही समजलं म्हणून. तिथून गाडी सुरू झाली. मागे मागे जात आम्ही पाचवीच्या अपूर्णांकांपर्यंत पोचलो. तिथे सगळे अडकले होते, भावजींसकट. एक भागिले तीन आणि एक भागिले चार यांत मोठं कोणतं, यावर दोन तास वाद. पण खरा वाद. मला इतका दमवणारा आणि इतका आवडलेला महिना दुसरा आठवत नाही.

मुख्याध्यापकांना मात्र धडकी भरली. दारातून डोकावायचे आणि मला बाहेर बोलवायचे. “बाई, वर्ग मठ्ठ दिसायला लागलाय हो. आधी कसा टवटवीत दिसायचा.”

अशात ती बातमी आली. ज्या वाहिनीवर भावजींची सिरीयल लागते, त्याच वाहिनीचा बातम्यांचा विभाग आमच्या शाळेत येणार. विषय, पडद्यावरचा विद्यार्थी खऱ्या वर्गात. मुख्याध्यापकांनी फाटक रंगवून घेतलं आणि भावजींना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होते. म्हणाले, “हे बघा, निकाल ऑगस्टमध्ये, तुमचा वाढदिवस सप्टेंबरात. मला जागा लवकर भरा म्हणून वरून तगादा आहे. पण मी तुमच्यासाठी थांबेन. तुम्ही फक्त परवा तो तुमचा चेहरा द्या. शाळेचं नाव निघालं पाहिजे.”

भावजी “बरं” म्हणाले. पोटावर पाय येत असेल तर आपण कोण बोलणारे?

परवा उजाडला. दोन दिवे, एक कॅमेरा, एक चुणचुणीत मुलगी हातात माईक घेऊन. ती मला म्हणाली, “मॅडम, काहीही शिकवा, अर्धं मिनिट. मग आम्ही यांच्या चेहऱ्यावर जाऊ.” मी फळ्यावर दोन नळांचं गणित मांडलं. एक दहा तासांत टाकी भरतो, एक पंधरा तासांत. मुद्दाम नाही हो, त्या दिवशी ते गणित शिकवायचंच होतं. एका तासात पहिला नळ टाकीचा दहावा भाग भरतो, असं लिहिलं आणि वळले. माईकवाल्या मुलीने बोट वर केलं. कॅमेरा भावजींकडे फिरला. दाराशी मुख्याध्यापक हात जोडल्यासारखे उभे.

भावजींचे डोळे बारीक झाले. भुवया निघाल्या वर जायला. बावीस वर्षांची सवय ती. आणि अर्ध्या वाटेत अडकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब दिसत होते मला.

“वहिनी,” ते म्हणाले, “नाही समजलं.”

“कट करू का?” कॅमेरावाला म्हणाला.

“नळ तर दहा तास चालणार आहे,” भावजी म्हणाले. “मग आपण एकाच तासाचं का काढतोय? मला हे कधीच कळलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.”

“मलापण नाही, बाई!” वेणीवाली. “मलाही नाही!” चष्मेवाला. मग सगळा वर्गच उठला. माईकवाली मुलगी म्हणाली, “मॅडम, हे वापरता येणार नाही हो आम्हाला. लोकांना वाटेल शाळेत काही कळतच नाही.” मी म्हटलं, “बाळ, कळत नाही म्हणूनच शाळेत येतात,” आणि फळ्यावर टाकी काढली. तिचे तीस सारखे भाग केले. एका तासात हा नळ तीन भाग, तो नळ दोन भाग. दोघं मिळून किती? दर तासाला किती उरलं? मोजा. बोटांनी मोजा, मला घाई नाही. पाच मिनिटांनी त्यांनी दिवे बंद केले. दहा मिनिटांनी कॅमेरा पेटीत गेला. तो तास चाळीस मिनिटं चालला आणि त्याचं चित्रण कुणाकडेच नाही.

मुख्याध्यापक दाराशी नव्हते. त्या दिवसानंतर ते भावजींशी बोलले नाहीत. जागेची जाहिरात सूचनाफलकावर लागली. माझी जाऊ मला म्हणाली, “जाऊ दे ताई, परीक्षा तर देऊ दे त्यांना.” जुलैत भावजींनी पेपर दिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा गेला? म्हणाले, “तीन गणितं मला अजिबात समजली नाहीत वहिनी. पण कोणती समजली नाहीत ते नक्की ठाऊक आहे.” मी म्हटलं, मग ठीक आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाहिनीने तो कार्यक्रम दाखवला. आम्ही सगळे बघायला बसलो. आमचं रंगवलेलं फाटक आलं. माझा खडू धरलेला हात आला आणि माझा आवाज, ‘एका तासात पहिला नळ टाकीचा दहावा भाग भरतो.’ आणि मग भावजींचा चेहरा! डोळे बारीक, भुवया वर, मान अडीच वेळा. अंगात गणवेश, डोक्यावर रंगवलेले काळेभोर केस, गेल्या वर्षीचे. त्यांनी टिपून ठेवलेला तो चेहरा माझ्या वाक्याला जोडून दिला होता. मागून सनईसारखं काहीतरी वाजत होतं. केसांचा फरक कुणाच्याही लक्षात आला नाही. दुसऱ्या दिवशी फाटकात एक पालक मला थांबवून म्हणाले, “बाई, किती जीव तोडून शिकवता हो! त्या माणसाच्या तोंडावरच दिसतं.”

त्याच दिवशी दुपारी निकाल आला. गणितात अडतीस. पस्तिसाला पास. भावजी गुणपत्रिका घेऊन शाळेत आले. मी त्यांना घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनकडे निघाले. म्हटलं, जाहिरात लागली तर लागली, माणूस पास आहे आणि वयात बसतोय, आता नाही म्हणून दाखवा. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते मी.

भांडायची वेळच आली नाही. मुख्याध्यापक खुर्चीतून उठून पुढे आले, भावजींचा हात दोन्ही हातांत धरला. “या, या! काय चेहरा दिलात हो! तीन शाळांचे फोन आले मला. मी उगाच गैरसमज करून घेतला होता. जागा तुमचीच. हा घ्या अर्ज, इथे सही करा, एक तारखेपासून या.”

भावजींनी गुणपत्रिका टेबलावर ठेवली.

“अहो, ती राहू द्या, कारकुनाकडे द्या,” मुख्याध्यापक म्हणाले आणि पेन पुढे केलं.

भावजींनी पेन घेतलं नाही. कागदावर बोट ठेवून तो त्यांच्या बाजूला सरकवला. “साहेब, गणित बघा ना.”

“बघतो, बघतो. सही करा आधी.”

“आधी बघा.”

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं आरडाओरडा करत धावली, शिपाई चहा घेऊन आला आणि ठेवून गेला. नोकरी समोर पडली होती, पेन समोर होतं आणि माझे दीर त्या कागदावर बोट ठेवून उभे होते. शेवटी मुख्याध्यापकांनी वैतागून चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला आणि कागद उचलून एकेक ओळ वाचायला लागले. ते गणितापर्यंत येईतो भावजी जागचे हलले नाहीत.